मामासाहेबांची दुनळी

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला सांभाळता येत नाही, आणि अक्षर असं की ठाण्याचा रायटर म्हणायचा, "बाई, तुम्ही डायरीला हात नका लावू, कोर्ट आपल्याला हसंल." हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. माझ्यामागं घरात कुणाच्या हाती लागलं तर चुका पोटात घालाव्यात आणि मजकूर खरा मानावा.

मी पोलीस शिपाई होते. फौजेत नव्हते, पण खाकी घातली, परेड केली, मस्केट खांद्यावर घेऊन मैदानाला चकरा मारल्या आणि हुकूम पाळला. हुकूम पाळला हे सांगताना पूर्वी मान ताठ व्हायची. आता होत नाही.

मराठवाडा महाराष्ट्रात येऊन थोडी वर्षं झाली होती. माझं गाव सोयगावकडचं. भरती औरंगाबादला, हेडक्वार्टरमध्ये. जिल्ह्यात आम्ही बाया बोटांवर मोजण्याइतक्या. सुरुवातीला दौलताबादला ड्यूटी लागायची. किल्ला बघायला मोठे लोक येत, त्यांच्या बायकांच्या मागं चालायचं. त्यांच्या पर्स धरायच्या, छत्र्या धरायच्या, रडकी पोरं धरायची. मग बदली झाली गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला, एका लहान ठाण्यात. त्या ठाण्याचं नाव लिहीत नाही. आज तिथं दुसरी माणसं नोकरी करतात, त्यांचा काय दोष.

ठाण्याचे प्रमुख फौजदारसाहेब. शिकलेले, गोरे, बोलायला गोड. त्यांच्या हाताखाली हवालदार रंगनाथ खरात. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू. शिपायांत कादर होता, शहागंजचा, तोंडानं फटकळ. आणि मी. बाकीच्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.

त्या भागात बड्या जमीनदारांकडं लायसनच्या बंदुका होत्या. रझाकारांनी सोसायला लावलं होतं, त्यामुळं पोलीस ॲक्शन झाल्यावर घराच्या रक्षणासाठी म्हणून लायसन मागितली आणि ती मिळाली. इथपर्यंत कुणाला नाव ठेवायचं कारण नाही. पण रक्षणाची बंदूक घरात राहते. यांची बंदूक बाजारला यायची. तालुक्याला यायची. ठाण्यात यायची, तेव्हा आम्ही बाकड्यावरून उठायचो आणि बंदूक बसायची. एकदा एक जण दहाव्याला नदीवर बंदूक घेऊन आलेला मी पाहिलाय. पिंडाला कावळा शिवेना म्हणून सगळे हात जोडून उभे, आणि हा बाजूला खांद्याला दुनळी लावून उभा. कादर म्हणाला, "कव्वे को भी जान प्यारी है, बाई."

नानांना या लोकांचा तिटकारा होता. नाना स्वतः रझाकारीत निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, अंगावर खूण होती, पण त्याचं कधी बोलत नसत. फक्त कुणी बंदूकवाला बाजारात मिशी पिळत गेला की हळूच म्हणत, "तवा हे बंदूकवाले ज्वारीच्या कणगीत झोपले व्हते. आता जाग आली."

मला त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली. बंदूकवाल्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, हाताकडं बघायचं. समोर उभं राहायचं नाही, कडेला राहायचं. नमस्कार करायच्या आधी सांगायचं, बंदूक उघडा. दुनळी मधून वाकते, मागून काडतूस दिसतं. ती वाकवून हातावर टाकली की चुकूनही वाजत नाही.

"आणि उघडली नाय तर?" मी विचारलं.

"तर त्याच्याशी बोलायचंच नाय. कोण का असंना."

"मोठा माणूस असला तर?"

"मोठ्या माणसाची गोळी काय हळू जाती का?"

हे ठाण्याच्या अंगणात सोपं वाटायचं. बाहेर कुणी करत नव्हतं. मोठ्या माणसाला बंदूक उघड म्हणणं म्हणजे त्याला धोतर सोड म्हणण्यासारखं. फौजदारसाहेबांनी एकदा नानांना आमच्यादेखत सुनावलं होतं, "खरात, लोकांशी संबंध ठेवावे लागतात. तुम्ही प्रत्येकाची झडती घेत सुटलात तर ठाणं चालणार कसं?" नाना म्हणाले, "जी साहेब." दुसरं काय म्हणणार.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चारला फॉलिन झालं, सगळे रांगेत उभे. ठाण्यापासून सहा मैलांवरच्या गावात अण्णासाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. अण्णासाहेब म्हणजे त्या गावचे मोठे जमीनदार, ऊस आणि कापूस दोन्ही. मुंबईहून एक मोठा पुढारी येणार होता, म्हणून बंदोबस्त. मला बायकांच्या बाजूला ड्यूटी दिली, दागिन्यांवर नजर ठेवायला.

साहेबांनी हुकूम वाचला. शेवटी म्हणाले, "मस्केट कुणी घ्यायची नाही. फक्त काठ्या."

नाना एक पाऊल पुढं आले. "साहेब, त्यांच्याकडं तीन दुनळ्या हायत. पाव्हण्यांच्या येगळ्या."

"मग?"

"आपल्याकडं काठ्या."

"लग्नघर आहे, खरात. तिथं आपण हत्यार घेऊन गेलो तर बरं दिसतं का?"

"त्यांचं दिसतं?"

"त्यांचं घरचं आहे." साहेबांनी कागदाची घडी केली. "डिसमिस."

लग्न गोरजाचं होतं. आम्ही दुपारीच पोचलो. अंगणात मांडव, समोर उंच दगडी ओटा, त्यावर बायकांची जागा. मी ओट्याच्या कडेला उभी राहिले. तिथून सगळा मांडव दिसत होता.

नानांनी पहिलं काम केलं ते बंदुका बघायचं. घरच्या तिन्ही दुनळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. त्यांना हळदकुंकू लावलेलं, नळीला झेंडूचा हार. मुहूर्त लागला की बार काढायचे, ही त्यांच्याकडची रीत. बार जितके जास्त तितकी पोरगी मोठ्या घरची. नानांनी तिन्ही उघडल्या, काडतुसं काढून खिशात घातली आणि बंदुका तशाच उघड्या ठेवल्या. तेवढ्यात अण्णासाहेबांच्या आई बाहेर आल्या. नळ्या खाली लोंबत होत्या, मान पिरगळलेल्या कोंबडीसारख्या. म्हातारीनं कपाळाला हात लावला.

"अगं बया! लेकीच्या लग्नात मान टाकलेलं हत्यार? कुणी केलं हे?"

"मी केलं, आजी," नाना म्हणाले. "पोरं खेळत्यात हितं."

"अशुभ हाय ते. सरळ कर आधी."

फौजदारसाहेब धावत आले. "करा हो सरळ, खरात. आजींचं मन का दुखवता?"

नानांनी सरळ केल्या, पण काडतुसं दिली नाहीत. म्हणाले, "मुहूर्ताला माझ्याकडून घ्या. एकेकानं यायचं, एक बार काढायचा, दुसरी नळी रिकामीच." हे ठरलं. साहेब पण हो म्हणाले. मला वाटलं, झालं, नानांनी जमवलं.

मग मामासाहेब आले.

मामासाहेब म्हणजे नवरीचे सख्खे मामा. मामाशिवाय नवरी बोहल्यावर जात नाही, आणि हे उशिरा आले. उशिरा येणं हासुद्धा त्यांचा मान. जीपमधून उतरले, खांद्याला त्यांची स्वतःची दुनळी, जुन्या पद्धतीची, बाहेर दोन घोडे असलेली. यांची कीर्ती मला माहीत होती. रझाकारीत हे बायकापोरांना गावात ठेवून नगरकडं पळाले होते. शांतता झाल्यावर परत आले आणि बंदूक घेतली. तेव्हापासून ती खांद्यावरून उतरली नव्हती. रानात ससासुद्धा मारला नव्हता. कादर म्हणायचा, ह्यांच्या बंदुकीला गंज चढतो तो लाजेनं.

नाना आडवे गेले. कडेला उभे राहिले, शिकवायचे तसे.

"राम राम मामासाहेब. बंदूक तेवढी उघडा."

मामासाहेब थांबले. आजूबाजूला लोक होते, ते बघून आवाज चढवला.

"काय?"

"बंदूक उघडा. काडतुसं माझ्याकडं द्या, मुहूर्ताला परत देतो. सगळ्यांची घेतली."

"नवरीच्या मामाची झडती? मांडवात?" ते हसले. "आरं, तू कुणाचा कोण? काल निजामाला सलाम करत व्हता, आज मला कायदा शिकवतो?"

नानांनी निजामाला कधी सलाम केला नव्हता.  पण ते मामासाहेबांच्या हाताकडं बघत उभे राहिले.

"बंदूक उघडा," पुन्हा तेवढंच म्हणाले.

तिकडं भटजी ओरडायला लागले, मामा कुठंयत, मामाला बोलवा. अण्णासाहेबांनी फौजदारसाहेबांकडं बघितलं. साहेबांना अण्णासाहेबांनी नुकताच मानाचा फेटा बांधला होता. खात्याची टोपी त्यांनी कादरकडं धरायला दिली होती, आणि हातातली छडीपण. कादर दोन्ही हातांत साहेबांचा सरकारी मान घेऊन खांबाजवळ उभा.

फेट्यातले साहेब म्हणाले, "खरात, सोडा. मुहूर्त टळतोय."

"साहेब, भरलेली हाय."

"सोडा म्हटलं ना. ऑर्डर आहे."

नाना बाजूला झाले. "जी साहेब."

अक्षता पडल्या. घरच्या तिघांनी ठरल्याप्रमाणं एकेक बार काढला. मामासाहेबांनी दोन्ही घोडे ओढले, नळी आभाळाकडं केली आणि एक बार काढला. बायका कानावर हात ठेवून हसल्या. दुसरा काढणार, तेवढ्यात अण्णासाहेबांचे धाकटे भाऊ फेटा घेऊन आले. नात्यात मामाचा मान पहिला. फेटा बांधताना हातात काही धरून चालत नाही, मान तिरकी करून उभं राहावं लागतं. मामासाहेबांनी मान तिरकी केली, तोंड पलीकडं, आणि हातातली बंदूक न बघता बाजूला ढकलली. ज्या बाजूला खाकी दिसत होती त्या बाजूला.

"धर रे."

नळी पुढं, दस्ता त्यांच्याकडं. बोट अजून चापावरच.

नानांचा हात पुढं आला.

ज्या माणसानं मला सगळं शिकवलं, त्याचा हात पुढं आला. मी ओट्यावरून बघत होते. मला ओरडता आलं असतं, पण हे घडायला अर्धा श्वासपण लागला नसेल. नानांनी नळी हातानं धरली, मामासाहेबांनी सोडायच्या आधी बोट ओढलं गेलं, आणि बार झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं दुसरा बार निघाला. ताशेवाल्यानं तर जोर धरला.

नाना खाली बसले. पोटावर हात ठेवून, पंगतीला बसावं तसे.

कादरनं साहेबांची टोपी आणि छडी जमिनीवर टाकली आणि धावला. त्यानं बंदूक उचलली, उघडली, नळ्या बघितल्या. मी ओट्यावरून उडी मारली. माझ्या खाकी साडीचा पदर मी नानांच्या पोटावर दाबला.

"गाडी!" कादर ओरडला. "अण्णासाहेब, गाडी द्या!"

अंगणात दोन गाड्या होत्या. पुढाऱ्याची गाडी मागायची कुणाची छाती नव्हती. दुसरी नवरा-नवरीसाठी फुलांनी सजवलेली. अण्णासाहेब आईकडं बघत राहिले. म्हातारी म्हणाली, "त्यात रक्त सांडलं तर? नवी जोडी बसायचीय त्यात."  शेवटी मांडववाल्याची लॉरी मिळाली. भांडी, सतरंज्या, बांबू उतरवायला वेळ नव्हता. नानांना सतरंज्यांवर निजवलं, कादर बंदूक घेऊन वर चढला आणि आम्ही निघालो. फौजदारसाहेब म्हणाले, मी पुढाऱ्यांना सोडून येतो.

वाटेत आमचं ठाणं लागलं. मी वायरलेसवर धावले. ऑपरेटर औरंगाबादचा.

"हवालदार जखमी. सिव्हिलला कळवा, लॉरीतून आणतोय. ओव्हर."

"जखम कसली? ओव्हर."

"गोळीची. ओव्हर."

"एन्काउंटर? आरोपी कोण? ओव्हर."

"नवरीचा मामा. ओव्हर."

 तो म्हणाला, "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

गंगापूर गेलं. नाना अर्धवट शुद्धीत होते, अजून मांडवातच असल्यासारखे. एकदाच बोलले.

"बंदूक कुणाकडंय?"

"कादरकडं, नाना."

"उघडी ठेव म्हणावं. पोरं हायत तिथं."

वाळूजच्या अलीकडं त्यांचा श्वास थांबला. कादरनं खिशातला रुमाल काढून तोंडावर टाकला. तसेच सिव्हिलला पोचलो.

फौजदारसाहेबांनी दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहिला. रायटरनं तो मला हळूच वाचून दाखवला. लग्नात बंदूक हाताळत असताना हवालदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळं ती उडाली. मामासाहेबांचं नाव फक्त बंदुकीचे मालक म्हणून. काडतुसांचा, फेट्याचा, ऑर्डरचा कुठं उल्लेख नाही.

मला त्याचा अर्थ आधी कळला नाही. शांतावहिनींना, म्हणजे नानांच्या बायकोला, कळला. त्या म्हणाल्या, "म्हंजे ड्यूटीवर गेले नाय. आपल्याच हातानं गेले. मग पेन्शन कशाची? आन् पोलीस लाईनीतली खोलीबी खाली करावी लागंल." त्यांना दोन मुली होत्या. त्या रडल्या नाहीत. पाणी भरायला गेल्या.

तेराव्याला मामासाहेबांचा दिवाणजी पोलीस लाईनीत आला. ताटात साडीचोळी आणि नोटा, वर रुमाल. मामासाहेब स्वतः आले नाहीत. म्हणाला, "मामासाहेबांना लई वाईट वाटलं. चुकून झालं. पोरींसाठी ठेवा." नानांच्या थोरल्या भावानं चारचौघांत ताट हातात घेतलं. तेराव्याचा खर्च त्याच्या डोक्यावर होता, मी त्याला नाव ठेवत नाही. पण आमच्याकडं ताट घेतलं म्हणजे तंटा मिटला. दिवाणजीला ते माहीत होतं. मामासाहेबांनापण. म्हणून तर ताट पाठवलं.

मग औरंगाबादहून डीवायएसपी साहेब चौकशीला आले. फौजदारसाहेबांनी मला आधी बाजूला घेतलं.

"बाई, तुम्ही बायकांच्या बाजूला होतात. तुम्हाला काय दिसणार?"

मी खाली बघितलं. मला मोठ्या माणसापुढं बोलता येत नाही. लहानपणापासूनच. साहेबांना ते माहीत होतं. ते हसले आणि म्हणाले, "तेवढंच सांगा, काही दिसलं नाही."

डीवायएसपी साहेब टेबलामागं बसले. फौजदारसाहेब टेबलाच्या बाजूला उभे. मला बोलावलं. मी सलाम केला.

"काय पाहिलंत?"

माझा आवाज निघेना.

"मोठ्यानं बोला."

मी तोंड उघडलं. ओठ नुसते हलले. फौजदारसाहेब म्हणाले, "सर, बाई साध्या आहेत. त्यांना काही दिसलेलं नाही."

माझ्या हातात काठी होती. मी म्हणाले, "दाखवू?"

"दाखवा."

मी काठी बंदुकीसारखी धरली. उजवा हात मागं, एक बोट वाकडं. फेटा बांधून घेताना करतात तशी मान तिरकी केली, तोंड खिडकीकडं. आणि काठीचं टोक, न बघता, फौजदारसाहेबांच्या पोटाकडं ढकललं.

"धर रे."

शिपाई बाईनं फौजदाराला रे म्हणायचं नसतं. पण मामासाहेब तसंच म्हणाले होते.

फौजदारसाहेबांचा हात पुढं आला. काठीचं टोक त्यांनी घट्ट धरलं. मग त्यांना कळलं. सोडायला पाहिजे होतं, पण सोडायचं कसं तेच सुचेना. तसेच धरून उभे राहिले.

मला आता आवाज फुटला. "असंच झालं, साहेब. नानांनी मागितली नव्हती. आधी उघडा म्हणाले, तर सोडा म्हणून ऑर्डर झाली."

"कुणाची ऑर्डर?"

मी काठीच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं.

डीवायएसपी साहेबांनी समोरचा रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "काठी सोडा, फौजदार." आणि कादरला आत बोलावलं. कादरनं टोपी आणि छडीपासून सगळं सांगितलं. त्याला बोलायला कधी अडचण नव्हती.

रिपोर्ट बदलला. नाना ड्यूटीवर गेले असं लागलं. पेन्शन बसली, लाईनीतली खोली राहिली. मामासाहेबांवर केस झाली. फौजदारसाहेबांची बदली झाली, आणि पुढं त्यांना बढतीही मिळाली. फेटा त्यांना शोभतच होता.

कोर्टात मामासाहेबांच्या वकिलानं शांतावहिनींना विचारलं, "तेराव्याला पैसे घेतले ना?"

"घेतले."

"मग तक्रार कसली राहिली?"

"घरात आले म्हणून घेतले असं झालं. परत देणार हाय."

"केव्हा?"

"देईन तवा बघा."

लोक हसले. वकीलपण हसला. मामासाहेबांना सहा महिन्यांची कैद लागली, वर दंड. वरच्या कोर्टात कैद सुटली, दंड राहिला. लायसन मात्र गेलं. त्यानंतर बाजारात ते छत्री खांद्यावर घेऊन फिरायचे. ऊन असो नसो, मिटलेली, नळीसारखी वर करून. पोरं लांबून हात वर करायची, "मामा, मारू नका!" मी कधी पोरांना हटकलं नाही. ड्यूटीवर असतानासुद्धा.

पैसे फेडायला शांतावहिनींना वर्षं लागली. पेन्शनला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते मुलींचे. लाईनीतल्या शिपायांच्या वर्दीची काजं-बटणं करायच्या, लोकांच्या पापड-कुरडया करायच्या. मी म्हणाले, अर्धे मी घालते. त्या म्हणाल्या, "तू नको. ते माझ्या घरात आलंय, माझ्याच हातानं जाईल." पहिल्यांदा मनिऑर्डर केली, ती परत आली. मामासाहेब घेत नाहीत म्हणून शेरा. दान दिलेलं घेत नसतात म्हणे. मग आम्ही स्वतः जायला लागलो. एसटीनं गंगापूर, तिथून जीप, तिथून पायी. ओट्यावर पैसे ठेवायचे आणि यायचं. मामासाहेब बघायचेसुद्धा नाहीत. दिवाणजी मागून घ्यायचा.

शेवटच्या वेळेस मी वर्दीवर होते. रजा मिळाली नव्हती, समन्स बजावायला त्याच बाजूला ड्यूटी लागली, ती साधली. मामासाहेब ओट्यावर बसलेले, म्हातारे झालेले. छत्री कोपऱ्यात. शेजारपाजारचे चार लोक गप्पा मारत होते. शांतावहिनींनी नोटा ओट्यावर ठेवल्या.

"हे शेवटचे. मोजून घ्या."

मामासाहेब दुसरीकडं बघत म्हणाले, "मी काय सावकार हाय का? पोलिसाच्या बायकोला दिलेले पैसे मी मोजत बसू?"

तेवढ्यात आतून मामी बाहेर आल्या. आतापर्यंत त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या खाली बसल्या, नोटा उचलल्या आणि सगळ्यांसमोर एकेक करून मोजल्या. नवऱ्याकडं वर बघितलंसुद्धा नाही. मग दिवाणजीला म्हणाल्या, "वहीत घ्या. पुरे झाले."

दिवाणजीनं टाक उचलला. त्यालाही जरा गंमत करायची होती. "कुणाच्या नावानं लिहू, बाई?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते, एरवी जिभेवर आणत नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यासोबत होते, मी त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. ओट्यावरचे लोक बघायला लागले. शांतावहिनींनी पदर नीट केला.

"रंगनाथ सखाराम खरात. हवालदार. ड्यूटीवर गेले."

दिवाणजीनं लिहिलं. मामींनी नोटा कनवटीला लावल्या आणि म्हणाल्या, "फिटले, बाई. सगळे फिटले."

मी सलाम केला. शांतावहिनींकडं तोंड करून, ओट्याकडं नव्हे.